कोची बिएनाले: आई आणि नऊ वर्षांचा मुलगा सोबत, हातात तीन दिवस. काय बघावं, काय सोडावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं कोचीला जातोय: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. जाताना नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस, येताना विमानानं मुंबई. बुधवारी, 11 तारखेला पोचू. गुरुवार, शुक्रवार, शनिवार पूर्ण मोकळे आहेत आणि रविवारी रात्रीचं विमान आहे.

मुख्य कारण कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे शहरभर भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन. मी कलेचं शिक्षण घेतलेलं नाही, पण चित्रं बघायला मनापासून आवडतं. मुंबईला गेले की जहांगीर आणि एनजीएमए ही कलादालनं चुकवत नाही. इथे मात्र ठिकाणांची यादी बघूनच गांगरून गेले. फोर्ट कोची, मट्टनचेरी, विलिंग्डन बेट, एर्नाकुलम, सगळीकडे काही ना काही आहे. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती सपाटीवर चालते, जिने मात्र मोजकेच चढते. मुलाला चित्रं काढायची आवड आहे, पण शांत बसून व्हिडिओ बघणं त्याला जमेल असं वाटत नाही.

1. मुक्काम फोर्ट कोचीत करावा की एर्नाकुलममध्ये?
2. कोणती ठिकाणं चुकवू नयेत?
3. यहुदी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि डच पॅलेसही बघायचे आहेत. ते कुठे बसवू?
4. आईला कंटाळा येऊ नये म्हणून काय करता येईल?

ज्यांनी बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

ऐरोलीकर

मुक्काम फोर्ट कोचीत, यावर दुसरा विचारच करू नका. सकाळी दहाला प्रदर्शनं उघडतात आणि पहिले दोन तास सगळ्यात चांगले असतात, ऊन कमी आणि गर्दीही कमी. एर्नाकुलमहून रोज खाडी ओलांडून यायचं तर तेच दोन तास प्रवासात जातात. फोर्ट कोचीत घरगुती होमस्टे भरपूर आहेत. खोली तळमजल्यावरची मागा, आईंसाठी हे आधीच फोनवर पक्कं करून घ्या. जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात.

स्टेशनवरून सामान घेऊन थेट टॅक्सीनं जा. बोटीची मजा नंतर बिनसामानाची घ्या.

दक्षिणनौका

आमच्या घरात नौदलाची नोकरी आहे, त्यामुळे कोचीत राहणं झालंय आणि बिएनालेला पाहुण्यांना घेऊन जाणं हे तर ठरलेलंच. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचा सगळा आराखडा त्यावर ठरणार आहे.

डच पॅलेस, म्हणजे मट्टनचेरी पॅलेस, शुक्रवारी बंद असतो. परदेशी सिनेगॉग, म्हणजे तुमचं यहुदी सिनेगॉग, शनिवारी बंद असतं आणि एरवीही दुपारी मधे काही वेळ बंद करतात. म्हणजे तुमच्या तीन दिवसांत दोन्ही एकाच दिवशी मिळतील तो फक्त गुरुवार. म्हणून गुरुवार मट्टनचेरीचा. सकाळी आधी पॅलेस, लगेच चालत सिनेगॉग, मग जेवण, आणि दुपारी बाजार रोडवरची बिएनालेची गोदामं. पॅलेसमध्ये वरच्या मजल्यावर जावं लागतं, पण ती रामायणाची भित्तिचित्रं आईंनी बघायलाच हवीत. हळूहळू चढू द्या, वर बसायला वेळ द्या. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणूस खरंच बघतो.

सिनेगॉग 1568 चं आहे. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. मुलाला एकच काम द्या: दोन अगदी सारख्या फरश्या शोधून दाखव. तो अर्धा तास हलणार नाही.

शुक्रवार फोर्ट कोचीचा: बिएनालेची अस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस (पेपर म्हणजे मिरी), डेव्हिड हॉल ही ठिकाणं. शनिवारी विलिंग्डन बेट आणि राहिलेलं. रविवारचं नंतर लिहिते, त्यात एक अडचण आहे.

भिंतभर

ताई, मी कोल्हापूरकडे शाळेत चित्रकला शिकवतो. बिएनाले पहिल्या आवृत्तीपासून बघत आलोय. ठिकाणांच्या आधी एक गोष्ट सांगावीशी वाटते: कलाकारांची यादी घेऊन ठिकाणं ठरवू नका. नकाशा घ्या आणि पाण्याच्या कडेनं जा.

हे प्रदर्शन संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतींवर भरत नाही. अस्पिनवॉल हाऊस ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज व्यापारी कंपनीची जागा. खोबरेल, मिरी, काथ्या, चहा, रबर असा माल तिथून जहाजांवर चढायचा. पेपर हाऊसही धक्क्यावरचं गोदाम आणि मधे मोठं अंगण. मट्टनचेरीतलं आनंद वेअरहाऊस बाजार रोडवर आहे. त्याच रस्त्यावर आजही मसाल्याची उलाढाल चालते आणि सुंठ-मिरीचा वास रस्ताभर येतो. बिएनालेच्या नावातलं मुझिरिस हे रोमशी मिरीचा व्यापार करणारं प्राचीन बंदर. 1341 च्या महापुरात ते गाळानं बुजलं आणि त्याच पुरानं कोचीचं बंदर मोकळं झालं, असं तिथे सांगतात. हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून गोदामात शिरलात की आतल्या कामाशी ओळख लवकर होते.

उदाहरण देतो. 2012 च्या पहिल्या आवृत्तीत शीला गौडा आणि ख्रिस्तोफ स्टोर्ट्झ यांनी बंगळुरातल्या घरांमधून बाहेर टाकलेले दगडी रगडे आणून अस्पिनवॉलच्या धक्क्यापर्यंत मांडले होते. मिक्सर आला आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला दगड रस्त्यावर आला. ते बघायला कलेचं शिक्षण लागत नाही, घरात रगडा बघितलेला असला की पुरे. तुमच्या आईंना ते काम तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळलं असतं. 2014 मध्ये अनिश कपूर यांनी त्याच अस्पिनवॉलच्या जमिनीत काळ्या पाण्याचा सतत फिरणारा भोवरा केला होता, आणि पलीकडे खिडकीबाहेर खरा समुद्र. 2016 मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी एका लांब गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं, तिथे समुद्रात बुडून गेलेल्या सीरियन मुलासाठी लिहिलेली कविता. शाळेतली मुलं बरोबर होती. पाण्यात शिरेपर्यंत खिदळत होती, परत येताना कुणी बोललं नाही.

ही कामं आता तिथे नाहीत. बिएनालेत बहुतेक सगळं त्या त्या वेळेपुरतंच असतं, म्हणून तर जाऊन बघायचं. यंदाच्या आवृत्तीचं नावच 'फॉर द टाइम बीइंग' आहे. निखिल चोप्रा आणि त्यांच्या गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या गटानं ती रचली आहे. 12 डिसेंबर 2025 ला सुरू झाली, 31 मार्च 2026 पर्यंत आहे. चोप्रा स्वतः तासन्‌तास चालणारे प्रयोग करणारे कलाकार आहेत. त्यामुळे या वेळी पूर्ण झालेल्या वस्तूपेक्षा घडत जाणाऱ्या कामावर भर आहे. तिकीट घेताना त्या दिवशी कुठे प्रत्यक्ष सादरीकरण आहे ते विचारा. असेल तर बाकीचा बेत बाजूला ठेवा आणि तिथे जा.

गोदाकाठची

भिंतभर सर, रगड्याचं वाचून आईला लगेच वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपला पाटा-वरवंटा अजून माळ्यावर आहे. तिचा उत्साह आता माझ्यापेक्षा जास्त आहे.

पण खरं विचारते, इतकी ठिकाणं तीन दिवसांत होतील का? आणि व्हिडिओंचं काय करायचं? कधी कधी चाळीस-चाळीस मिनिटांचे असतात.

भिंतभर

सगळी होणार नाहीत, आणि होऊ देऊही नका. दिवसाला एक मोठं ठिकाण आणि एक लहान. मोठ्या ठिकाणी आधी सगळीकडे भरभर एक फेरी मारायची, कुठेही पाटी न वाचता. मग ज्या कामानं मागे ओढलं तिथे परत जायचं आणि तिथेच वेळ घालवायचा. पाटी नंतर वाचायची. मुलांना मी हेच सांगतो. दोन कामं नीट बघितली तर ती वर्षानुवर्षं सोबत राहतात. सगळी बघितली की संध्याकाळी एकही आठवत नाही.

व्हिडिओसाठी तुम्ही दोघांनी पाळी लावा. एक जण आत, दुसरा मुलाबरोबर अंगणात. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर पाच मिनिटं द्यायचीच, डोळे सरावल्याशिवाय उठायचं नाही. पाच मिनिटांनी नाही पटलं तर खुशाल बाहेर या.

आणि प्रत्येक ठिकाणी आर्ट मीडिएटर म्हणून तरुण मुलं-मुली असतात. त्यांना विचारा. नुसतं 'हे काय आहे' असं विचारू नका, 'हे इथे कसं बांधलं' असं विचारा. ती मुलं मांडणीच्या वेळी हजर असतात, सामान कुठून आलं, छत कसं धरलं, पाऊस कसा आडवला, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

शेवंती_म्हापसा

डेव्हिड हॉलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आम्हा गोंयकारांना मट्टनचेरी परकी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचानं गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं तिथे जाऊन वसली. चेरलाईच्या तिरुमल देवस्थानाच्या आसपास आजही कोंकणी ऐकू येते. आईंना देवळात न्या. दुकानदाराशी मराठीत बोलायला सुरुवात करा, बऱ्याचदा उत्तर कोंकणीत येतं आणि दोन्हीकडे समजतं.

आता डेव्हिड हॉल. परेड मैदानासमोरची बैठी, जाड भिंतींची इमारत, डच कंपनीच्या काळातली. डच गव्हर्नर व्हान रेडे याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. याच व्हान रेडेनं मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती दिली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांनी 1675 मध्ये दिलेली साक्ष पहिल्या खंडात छापली आहे, कोंकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत! छापील देवनागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ती एक आहे. डेव्हिड हॉलमध्ये जे काही प्रदर्शन असेल ते बघाच, पण मुलाला ही गोष्ट तिथल्या मैदानात बसून सांगा. आपण वाचतो तीच अक्षरं साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावातून हॉलंडला गेली.

मिरी

खाण्याचं: मट्टनचेरीत केयीजची बिर्याणी प्रसिद्ध आहे, पण दुपारी उशिरा गेलात तर संपते. आई शाकाहारी असतील तर मट्टनचेरीत गुजराती वस्ती जुनी आहे, तिथे फरसाण आणि साधं जेवण मिळतं. पेपर हाऊसच्या अंगणात कॅफे आहे, पाण्याकडे तोंड करून बसता येतं. आईंना तिथे बसवा आणि तुम्ही फिरून या.

दक्षिणनौका

मिरी म्हणतात ते बरोबर. पेपर हाऊसचं अंगण हा आईंसाठी शुक्रवारचा दुपारचा थांबा ठेवा. अस्पिनवॉलवरून ते चालत काही मिनिटांवर आहे, पण उन्हात रस्ता लांब वाटतो. फेब्रुवारीत दमट उकाडा असतो, तेव्हा रिक्षाला लाजू नका. टोपी, पाण्याच्या बाटल्या, आईंसाठी एक घडीचं हलकं स्टूल. हे स्टूल खरंच घ्या, गोदामांमध्ये बसायची सोय सगळीकडे नसते. आणि स्वच्छतागृह मोठ्या ठिकाणी आहे, लहान ठिकाणी मिळेलच असं नाही, तेव्हा अस्पिनवॉललाच उरकून निघा.

जिने: गोदामांत तळमजल्यावरच बरंच काही असतं. वरच्या मजल्यावर काय आहे ते तिकीट खिडकीवर विचारून घ्या, मगच आईंना चढवायचं की नाही ठरवा.

ऐरोलीकर

आनंद वेअरहाऊस गुरुवारीच गाठा, ते बाजार रोडवरच आहे. घानाचे इब्राहिम महामा यांचं 'पार्लमेंट ऑफ घोस्ट्स' तिथे आहे. भिंती वरपासून खालपर्यंत जुन्या तागाच्या पोत्यांनी झाकलेल्या आणि मधे संसदेसारख्या मांडलेल्या जुन्या खुर्च्या. महामा घानात कोकोची पोती वापरून हे करत आलेत. एकच पोतं कोको भरून जातं, मग दुसऱ्या मालासाठी वापरलं जातं, मग कोळशासाठी, आणि प्रत्येक हाताचे डाग त्यावर राहतात.

तुम्ही नाशिकच्या. लासलगावच्या बाजार समितीत ज्यानं बारदान बघितलंय, त्याला तिथे पाटी वाचायची गरज पडणार नाही. खुर्च्यांवर बसता येतं का ते तिथल्या मुलांना विचारा. मी बसलो होतो. तिथे बसलं की आपणही त्या सभेतले होतो.

गोदाकाठची

माझे वडील कांद्याच्या व्यापारात होते. बारदानाचे गठ्ठे आमच्या ओसरीत असायचे, आम्ही पोरं त्यावर झोपायचो. हे वाचून काय वाटलं ते सांगता येत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिथे गेल्यावर ती स्वतःच बघेल.

मुलासाठी वेगळं काही?

भिंतभर

बिएनाले भरवणारं फाउंडेशन मुलांसाठी एबीसी, म्हणजे आर्ट बाय चिल्ड्रन हा उपक्रम चालवतं. माती, रंग, कागद घेऊन मुलं काम करतात. आज कुठे चालू आहे हे तिकीट खिडकीवर विचारा. एक दुपार त्याला तिथे देऊन टाका.

आणि स्टुडंट्स बिएनाले सोडू नका. 2014 पासून चालू आहे, देशभरातल्या कला महाविद्यालयांतली मुलं तिथे मांडतात. मुख्य प्रदर्शन बघायला येणारे बरेच जण तिथवर जात नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. छोट्या गावांतून आलेली मुलं आपल्या गावाबद्दल काम करतात, हातात पैसा नसतो, म्हणून सामान आजूबाजूलाच शोधतात. अनेकदा कलाकार स्वतः कामाशेजारी उभा असतो आणि नऊ वर्षांच्या मुलाशीही मनापासून बोलतो. बिएनालेची स्थापना करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघंही मुंबईच्या आपल्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले. तिथे उभं राहिलं की वाटतं, पुढचं कोणी या मुलांतूनच येणार.

तंबोरा

एक वेगळं मत. मी शनिवारी विलिंग्डन बेटावर लहान मुलाला आणि आजींना नेणार नाही. तिथलं आयलंड वेअरहाऊस भव्य आहे, पण बाकी परिसर बंदराचा, मोकळा आणि उन्हाचा. त्यापेक्षा तो दिवस फोर्ट कोचीतच निवांत घालवा, मासेमारीची चिनी जाळी बघा, राहिलेली लहान ठिकाणं बघा.

दक्षिणनौका

तंबोरा, उन्हाचं खरं आहे, पण बेटावर न नेणं मला पटत नाही. तिथे वॉटर मेट्रोनं जाता येतं आणि मुलासाठी ती बोट हेच निम्मं प्रदर्शन आहे. शिवाय हे बेट माणसानं केलेलं आहे. 1920 च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्यानं बंदर खोल करायला काढलेल्या गाळातून ते उभं राहिलं. मोठी जहाजं लागतात, क्रेन दिसतात. फक्त सकाळी दहाला पोचा आणि बाराच्या आत परत निघा. वॉटर मेट्रोला शनिवार-रविवारी दुपारनंतर फार मोठी रांग लागते, सकाळी तसं होत नाही. दुपारी सगळे विश्रांती घ्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चिनी जाळी.

आता रविवार. 15 तारखेला महाशिवरात्र आहे. दोन गोष्टी.

पहिली चांगली. एर्नाकुलममध्ये दरबार हॉल आहे, कोचीच्या महाराजांनी दरबारासाठी बांधलेला, आता ललितकला अकादमीकडे. तिथल्या खोल्या सपाट आणि थंड आहेत, आईंना अजिबात त्रास नाही. त्याला लागूनच एर्नाकुलतप्पनचं, म्हणजे शंकराचं मोठं देऊळ आहे. शिवरात्रीचं दर्शन आणि दरबार हॉल एकाच सकाळी होईल. पुरुषांना शर्ट काढून, मुंडू (केरळी लुंगी) नेसून जावं लागतं, तेव्हा नवऱ्यासाठी एक मुंडू आधीच घेऊन ठेवा. उपवास नसेल त्यांनी जवळच भारत हॉटेलात केळीच्या पानावर जेवावं.

दुसरी काळजीची. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, फोर्ट कोचीपासून चाळीस किलोमीटरच्या वर. वाटेत आलुवा लागतं. तिथे पेरियार नदीच्या वाळवंटात शिवरात्रीला पितरांच्या तर्पणासाठी रात्रभर प्रचंड गर्दी असते, संध्याकाळपासून रस्ते अडतात.

गोदाकाठची

आई उपवास करतेच, तेव्हा देवळाचं ऐकून ती फार खूश झाली. मग असं ठरवते:

गुरुवार: डच पॅलेस, सिनेगॉग, जेवण, आनंद वेअरहाऊस, जमलं तर चेरलाईचं देऊळ.
शुक्रवार: अस्पिनवॉल सकाळपासून, दुपारी पेपर हाऊसचं अंगण, संध्याकाळी डेव्हिड हॉल आणि मैदानात होर्तुसची गोष्ट.
शनिवार: सकाळी विलिंग्डन बेट, दुपारी विश्रांती. मग मुलगा एबीसीत आणि मी स्टुडंट्स बिएनालेत.
रविवार: सामान घेऊनच निघून देऊळ, दरबार हॉल, विमानतळ.

विमान रात्री साडेनऊचं आहे. एर्नाकुलमहून पाचला निघालं तर चालेल ना?

दक्षिणनौका

एरवी चाललं असतं. त्या दिवशी दोनला निघा. दरबार हॉल बघून, दुपारी आईंना फळं-दूध देऊन टॅक्सी तिथूनच घ्या आणि टॅक्सी शनिवारीच सांगून ठेवा, रविवारी सकाळी शोधत बसू नका. आणि शनिवारी मुलाला एबीसीत पाठवायचं असेल तर शुक्रवारी अस्पिनवॉलला गेलात की तेव्हाच वेळ विचारून ठेवा, दुपारचं सत्र लवकर संपत असेल तर शनिवारची विश्रांती पुढे ढकलावी लागेल.